तेरा वर्षांचे मूल आणि गळाची काठी : ब्रिटनमधील मराठी पालकांसाठी

इंग्लंड किंवा वेल्समध्ये मूल १३ वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने त्याच्या स्थितीत एक लहानसा बदल होतो. बहुतेक मराठी घरांत त्याची दखल घेतली जात नाही. त्या दिवसापासून गोड्या पाण्यात गळ टाकायचा असेल, तर त्याच्या स्वतःच्या नावाचा परवाना लागतो. बारा वर्षांपर्यंत परवान्याची अट नाही. १३ ते १६ या वयात परवाना आवश्यक आहे, मात्र तो विनामूल्य मिळतो. सतराव्या वर्षापासून प्रौढांप्रमाणे शुल्क भरावे लागते. २०१७ पासून ही रचना लागू आहे. परवाना फुकट आहे म्हणजे तो काढण्याची गरज नाही, असा समज करून घेणारे पालक पुष्कळ असतात. तपासणीच्या वेळी परवाना दाखवता आला नाही, तर दंड २,५०० पौंडांपर्यंत जाऊ शकतो.

वर्गातील मित्राचे पाहून, यूट्यूबवर तासन्‌तास चित्रफिती बघून किंवा आजोबांच्या गोष्टी ऐकून आपला मुलगा अथवा मुलगी एखाद्या संध्याकाळी जेवताना ‘मला फिशिंगला जायचंय’ असे म्हणते, आणि आईवडिलांपैकी कोणीही आयुष्यात गळ हाती धरलेला नसतो, अशा घरांसाठी हा लेख आहे. या वयातील मूल आईवडिलांबरोबर चार तास कुठेतरी बसायला स्वतःहून तयार होते, ही घटना दुर्मीळच म्हणायची. ती संधी अज्ञानामुळे वाया जाऊ नये, आणि पाण्याकाठचे धोके व शिष्टाचारही आधी ठाऊक असावेत, एवढा हेतू.

शब्दांविषयी थोडे. ‘मासेमारी’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर होडी, जाळे आणि बाजार येतो. काठी, दोरा आणि एक गळ घेऊन विरंगुळा म्हणून मासा पकडण्याला प्रमाण मराठीत सुटसुटीत क्रियापद नाही. कोकणात मात्र ते आहे. तेथे गळाला ‘गरी’ म्हणतात आणि गरीने मासे पकडणे म्हणजे ‘गरवणे’. मालवणकडच्या आजोबांना नातवाने ‘मी गरवायला जातो’ असे फोनवर सांगितले, तर पुढची वीस मिनिटे संभाषणाला विषयाची वाण पडणार नाही.

परवाना वेगळा, परवानगी वेगळी

ब्रिटनमध्ये प्रथमच गळ टाकणाऱ्या माणसाचा सर्वांत मोठा गोंधळ येथे होतो. परवाना सरकारी असतो. इंग्लंडमध्ये पर्यावरण विभाग, म्हणजे एन्व्हायर्न्मेंट एजन्सी, त्याचे काम पाहते. तो सरकारच्या संकेतस्थळावर काही मिनिटांत निघतो आणि घेतल्यापासून वर्षभर चालतो. सॅमन, ट्राउट, ईल आणि गोड्या पाण्यातील इतर सर्व मासे त्याच्या कक्षेत येतात. परंतु परवाना हाती आला म्हणून कोणत्याही तळ्यावर जाऊन बसता येत नाही. येथील जवळजवळ प्रत्येक पाण्यावर मासे पकडण्याचा हक्क कोणाचा ना कोणाचा असतो : एखाद्या शेतकऱ्याचा, स्थानिक अँगलिंग क्लबचा, नगरपालिकेचा किंवा कालव्यांची देखभाल करणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टचा. त्या हक्कदाराची परवानगी स्वतंत्रपणे घ्यावी लागते. व्यावसायिक तळ्यांवर ती ‘डे तिकिटा’च्या रूपाने मिळते आणि तिचा दर साधारणतः दहा-बारा पौंडांच्या आसपास असतो, मुलांना बहुधा सवलत असते. क्लबचे वार्षिक सभासदत्व बहुतेकदा याहून किफायतशीर पडते. त्यात मिळणारी मुख्य गोष्ट म्हणजे काठावरचे अनुभवी शेजारी.

आपल्या गावी ओढ्यावर, तळ्यावर कोणी विचारत नसे, हा अनुभव येथे उपयोगाचा नाही. खाजगी पाण्यातून विनापरवानगी मासा घेणे हा १९६८ च्या चोरीविषयक कायद्यानुसार गुन्हा आहे.

पालकांना आणखी एक बाब सांगणे अगत्याचे आहे. मुलाचा परवाना मुलापुरता असतो. ‘जरा दाखवतो’ म्हणत वडिलांनी काठी हातात घेतली आणि गळ टाकला, की तेही मासे पकडणारे ठरतात. पहिल्याच दिवशी आपल्यालाही मोह होणार हे गृहीत धरून एक दिवसाचा प्रौढ परवाना काढून ठेवावा. दर अधूनमधून बदलत असल्याने ते येथे देत नाही.

स्कॉटलंडचा कायदा निराळा आहे. तेथे असा सरकारी परवाना नाही. पाण्याच्या हक्कदाराची परवानगी पुरते. सीमेवरील एस्क नदीचे खोरे तेवढे अपवाद असून तेथे इंग्लंडचाच परवाना लागतो. स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमन आणि सी-ट्राउट पकडण्यास बंदी आहे. उत्तर आयर्लंडची परवानापद्धतीही स्वतंत्र आहे.

१६ जून

इंग्लंड व वेल्समधील नद्यांवर १५ मार्च ते १५ जून, हे दोन्ही दिवस धरून, रोच, ब्रीम, पर्च, चब, बार्बेल, पाईक अशा माशांसाठी गळ टाकता येत नाही. हा काळ त्यांच्या विणीचा. सॅमन-ट्राउट वगळता गोड्या पाण्यातील बाकीच्या माशांना येथे एकत्रितपणे ‘कोर्स फिश’ म्हणतात आणि नवशिक्या मुलाचा संबंध प्रथम त्यांच्याशीच येतो. ही बंदी १८७८ च्या कायद्याने आली. तो कायदा शेफील्डचे खासदार अँथनी जॉन मुंडेला यांच्या नावाने ओळखला जातो. शेफील्ड हे त्या काळी पोलादी सुऱ्या-कात्र्या घडवणाऱ्या कामगारांचे शहर होते आणि सुटीच्या दिवशी गळ टाकणे हा त्या कामगारांचा लाडका छंद होता. नद्यांतील मासे संपत चालले आहेत ही तक्रार जमीनदारांबरोबर या कष्टकरी अँगलरांचीही होती. ब्रिटनमधील हा छंद उच्चभ्रूंचा आहे, अशी आपल्यात एक समजूत आढळते. तिला हा इतिहास छेद देतो. माशी-गळाने सॅमन पकडणे खर्चिक असेल. कालव्याकाठी फ्लोट टाकून बसणे कधीच तसे नव्हते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून कोळी बांधव नव्या हंगामाला सुरुवात करतात, हे मुलांना सांगितले तर त्यांना १६ जूनचे महत्त्व चटकन उमगते. त्याच ओघात वलगणीच्या माशांचीही गोष्ट सांगावी. पहिल्या पावसात अंडी घालण्यासाठी ओढ्यांतून, शेतांतून वर चढणारे मासे रायगड-ठाण्याकडे मोठ्या हौसेने पकडले जातात. चव अप्रतिम असते, यात वाद नाही. पण विणीला निघालेला मासा धरणे म्हणजे पुढच्या वर्षाचे बियाणे खाणे. दोन्ही प्रथा आपल्याच आहेत.

बहुतेक तळी आणि कालवे आज या नदीबंदीतून मुक्त आहेत, त्यामुळे ईस्टरच्या सुटीतही सुरुवात करता येते. नदीच हवी असेल तर थांबावे लागते. योगायोग असा की जीसीएसईच्या परीक्षा संपत येतात आणि नद्या खुल्या होतात. सोळा वर्षांच्या मुलाला अभ्यासाच्या काळात दाखवण्यासारखे हे आमिष वाईट नाही.

पहिले पाणी कोणते निवडावे

नदी नको. वाहत्या पाण्यात फ्लोट सांभाळणे हे कौशल्याचे काम आहे, आणि पहिल्या दिवशी काहीच न लागल्यास तेरा वर्षांचे मूल दुसऱ्यांदा येत नाही. मोठमोठ्या कार्पची छायाचित्रे लावलेली तळीही नकोत. तेथे तंबू ठोकून, विजेरी घंटा लावून दोन-दोन रात्री बसणारी मंडळी असतात. तो प्रकार निराळ्या वृत्तीच्या माणसांचा आहे, आणि त्यासाठी लागणाऱ्या साहित्याची किंमत ऐकली तर वडील तेथेच बसकण मारतील.

लहान माशांनी भरलेले, काठावर पक्के चौथरे असलेले, शौचालय आणि वाहनतळ जवळ असलेले व्यावसायिक तळे उत्तम. कालवा हाही चांगला पर्याय आहे. कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टकडे इंग्लंड व वेल्समधील सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग आहेत. आपली वस्ती जेथे दाट आहे, अशा कितीतरी गावांतून ते जातात. लंडनहून बर्मिंगहॅमला जाणारा ग्रँड युनियन कालवा हेझ, साउथॉल, मिल्टन कीन्स या भागांतून जातो. त्याची एक शाखा स्लाऊला येते, तर दुसरी लेस्टरकडे वळते. रेडिंगकरांना केनेट अँड एव्हन कालवा घराशी आहे.

स्वतः काहीच येत नसेल तर शिकवणाऱ्याकडे जावे, हा आमचा आग्रहाचा सल्ला. या ट्रस्टतर्फे ‘लेट्स फिश’ नावाने, तर इंग्लंडमधील अँगलरांची राष्ट्रीय संस्था असलेल्या अँगलिंग ट्रस्टतर्फे ‘गेट फिशिंग’ नावाने नवशिक्यांसाठी सत्रे भरतात. साहित्य तेथेच मिळते. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रशिक्षकांची पार्श्वभूमी-तपासणी झालेली असते. तशी ती झाली आहे ना, हे निःसंकोच विचारावे. येथे कोणी त्याचा राग मानत नाही. या सत्रांचा आणखी एक लाभ असा की आईवडील शिक्षक राहत नाहीत. किशोरवयीन मुलाला बापाने गाठ मारायला शिकवणे आणि तिसऱ्याने शिकवणे यांतला फरक ज्याने अनुभवला आहे, त्याला अधिक सांगणे नलगे.

काठी, दोरा आणि फ्रिजमधला डबा

पहिल्या खेपेस रीळ नसलेली, चार ते पाच मीटरची साधी काठी घ्यावी. येथे तिला ‘व्हिप’ म्हणतात. टोकाला दोरा बांधलेला, दोऱ्याची लांबी काठीइतकीच. आपल्याकडे बांबूच्या कांडीला दोरा बांधून नदीवर बसणारी पोरे जे करीत, तेच हे, कार्बनच्या काठीने. रिळाचा गुंता टळल्याने पहिल्या तासातील अर्धा वैताग कमी होतो. काठी, दोरे, फ्लोट, गळ, वजने, हातजाळे आणि गळ काढण्याचा डिसगॉर्जर एवढे सारे स्थानिक टॅकल शॉपमध्ये चाळीस-पन्नास पौंडांत जमू शकते. ऑनलाइन मागवण्यापेक्षा दुकानात जावे. त्या भागात या आठवड्यात कोणते पाणी चालते आहे, हे दुकानदार सांगतो आणि ती माहिती फुकट असते.

गळाचा क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान. सुरुवातीस १६ किंवा १८ क्रमांकाचा, काटेरी खाच नसलेला गळ घ्यावा. अनेक तळ्यांवर बिनखाचेचा गळ सक्तीचा आहे. माशाच्या ओठातून आणि वेळ आल्यास मुलाच्या बोटातूनही तो सहज निघतो. दोऱ्यावर चिमटायची वजने शिशाची नसावीत. १९८७ पासून ०.०६ ग्रॅमपेक्षा मोठ्या आणि २८.३५ ग्रॅमपेक्षा लहान शिशाच्या वजनांवर बंदी आहे, कारण पाण्यात पडलेली ही वजने खड्यांबरोबर गिळून हंस विषबाधेने मरत असत. कोणी सद्गृहस्थाने गॅरेजमधला जुना डबा प्रेमाने भेट दिला, तर आतली वजने तपासून घ्यावीत.

आता आमिष. या देशातील सर्वमान्य आमिष म्हणजे माशीच्या अळ्या, आणि त्या थंडगार ठेवाव्या लागतात. कोमट जागी त्यांचे कोश होतात आणि मग माश्या. अनेक मराठी घरांतील फिशिंगची खरी लढाई पाण्याकाठी न होता फ्रिजच्या दारात होते. देवाच्या नैवेद्याचे दूध आणि अळ्यांचा डबा एकाच कप्प्यात नांदू शकत नाहीत, हे आईचे म्हणणे रास्तच आहे. यावर तोडगा आहे. डब्यातील मक्याचे दाणे किंवा पावाचा मऊ तुकडा. रोच, टेंच, कार्प हे मासे मका आवडीने खातात. गांडुळाला पर्च हमखास येतो. काही तळ्यांवर विशिष्ट आमिषांना मनाई असते. फाटकावरचा फलक आधी वाचावा.

कृती थोडक्यात अशी. गळ टाकण्यापूर्वी पाण्याची खोली मोजावी. त्यासाठी गळाला अडकवायचे एक लहान वजन मिळते. आमिष तळाला जेमतेम टेकेल अशा बेताने फ्लोट सरकवावा आणि त्याचे फक्त रंगीत टोक पाण्यावर राहील इतकी वजने लावावीत. फ्लोटभोवती मक्याचे चार-सहा दाणे किंवा चिमूटभर अळ्या टाकाव्यात, दर दोन-तीन मिनिटांनी, थोड्या थोड्या. एकदम मूठभर टाकल्यास माशांचे पोट भरते आणि आपला दाणा तसाच राहतो. फ्लोट बुडाला किंवा बाजूला सरकला की मनगटाने काठी हलकेच उचलावी. हिसका देऊ नये. पाच सेंटिमीटरचा मासा मागच्या झुडपात जाऊन अडकतो. नवशिक्यांच्या पहिल्या दिवशी हे एकदा तरी होतेच.

पहिला मासा बहुधा पर्च असतो, हिरवट अंगावर काळे पट्टे आणि लालसर पर असलेला. त्याच्या पाठीचा पर काटेरी असतो, तो दाबून धरावा. किंवा रोच, चंदेरी आणि तांबड्या डोळ्यांचा. पुढेमागे नदीवर बार्बेल मिळाला तर मुलाला त्याचे महाराष्ट्राशी असलेले नाते जरूर सांगावे. बार्बेल आणि आपला महसीर एकाच कार्पकुळातले. १८७३ साली मद्रास सनदी सेवेतील हेन्री सलिव्हन थॉमस यांनी भारतातील गळाच्या मासेमारीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, त्यात महसीर हा नायकच आहे. पुढे धरणांमुळे आणि सुरुंग लावून केलेल्या मासेमारीमुळे महसीर विरळ झाला. तो वाचवण्यासाठी लोणावळ्याच्या वळवण येथे टाटांच्या वीजकंपनीने १९७०च्या दशकापासून महसीराची पिल्ले वाढवण्याचे केंद्र चालवले. मुंबईत पवई तलावाकाठी महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे. म्हणजे हा छंद आपल्याला अगदीच परका नाही.

परत सोडायचा, तर धरायचा कशाला?

हा प्रश्न दोन विरुद्ध दिशांनी येतो आणि दोन्हींकडून तो खराच असतो.

मत्स्याहारी घरातील आजी विचारते, हातात आलेला मासा पुन्हा पाण्यात टाकण्याचा हा कसला खेळ? अन्नाचा खेळ करू नये, असा संस्कार त्यामागे आहे. याचे एक उत्तर कायद्याचे आहे. इंग्लंडमधील नद्यांतून दिवसाला २० सेंटिमीटरपर्यंतचे १५ लहान मासे, ६५ सेंटिमीटरपर्यंतचा एक पाईक आणि ३० ते ३८ सेंटिमीटरचे दोन ग्रेलिंग एवढेच नेता येतात, तेही हक्कदाराची हरकत नसेल तर. ईल, म्हणजे वामीसारखा लांबट मासा, नेताच येत नाही. तळ्यातील मासा मालकाच्या परवानगीविना नेणे हा गुन्हा. व्यावसायिक तळ्यातला कार्प हे मालकाचे भांडवल असते. एकच मासा वर्षानुवर्षे अनेकांच्या गळाला लागतो आणि नेहमीची गिऱ्हाइके काही माशांना नावानिशी ओळखतात. पूर्व युरोपातून आलेल्या लोकांच्या देशांत कार्प हे सणाचे जेवण, त्यामुळे येथे आल्यावर त्यांच्यात आणि स्थानिक अँगलरांत कटुता निर्माण झाली. ती दूर करण्यासाठी अँगलिंग ट्रस्टने ‘बिल्डिंग ब्रिजेस’ हा उपक्रम चालवला आणि अनेक भाषांत फलक लावले. काठावर गोरेतर कुटुंब दिसले की एखादी नजर त्यांच्या पिशवीकडे वळते, ती या पार्श्वभूमीवर. अशा वेळी मुलाने मासा हलक्या हाताने ओल्या चटईवर ठेवला, गळ काढला आणि त्याला पाण्यात सोडले, की शेजारच्या म्हाताऱ्याचा चेहरा सैलावतो आणि बहुधा चहाच्या थर्मासचे झाकण उघडते.

दुसऱ्या दिशेने येणारा प्रश्न अधिक अवघड आहे. शाकाहारी घरातील मुलगी विचारते, खायचे नाही तर त्या जिवाला दुखवायचे कशासाठी? येथे पालकांनी घाईने ‘माशांना वेदना होत नाहीत’ असे सांगू नये. एडिनबर्गजवळच्या रॉस्लिन संस्थेतील लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ट्राउटच्या डोक्याच्या भागात इजेची जाणीव टिपणारे चेतातंतू असल्याचे दाखवले. त्या जाणिवेला माणसाच्या अर्थाने वेदना म्हणावे का, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. ब्रिटिश कायद्यानेही येथे दुहेरी भूमिका घेतली आहे. २००६ च्या प्राणीकल्याण कायद्यातून नेहमीच्या रीतीने होणारी मासेमारी वगळलेली आहे, तर २०२२ च्या प्राण्यांच्या संवेदनक्षमतेविषयीच्या कायद्यात सर्व पृष्ठवंशीय प्राणी, म्हणजे मासेही येतात. छंदाचे समर्थक म्हणतात की परवान्याच्या पैशातून नद्यांची निगा राखली जाते आणि सांडपाण्याने नदी काळवंडली की पहिला आरडाओरडा अँगलरच करतात. हे खरे आहे. पण त्याने मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते, असे आम्हाला वाटत नाही. तिने विचार करून नाही म्हटले, तर त्या नकाराचा मान ठेवावा. गळाविना नुसते पाण्याकाठी बसणेही वाईट नसते. आणि तिने जायचे ठरवले, तर इजा शक्य तितकी कमी करणे ही तिची जबाबदारी आहे, हे तेराव्या वर्षी कळण्याजोगे आहे.

त्या जबाबदारीचे नियम नेमके आहेत. माशाला हात लावण्यापूर्वी हात ओले करावेत. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचे रोगांपासून संरक्षण करतो. मासा उभ्याने हातात धरू नये. निसटून दगडावर पडला तर संपला. गळ खोल गेला असल्यास डिसगॉर्जर वापरावा, ओढू नये. फोटो एकच, तोही जमिनीलगत बसून. मुलाचा फोन आधीच वडिलांच्या हातात तयार असला म्हणजे माशाला ताटकळावे लागत नाही. तुटलेला दोरा काठावर टाकू नये. त्यात पाखरांचे पाय अडकतात. घरी परतल्यावर जाळे आणि चटई तपासून, धुऊन, पूर्ण वाळवावी, म्हणजे एका पाण्यातले रोग आणि परके जीव दुसऱ्या पाण्यात जात नाहीत.

पाणी, वीज आणि लेप्टो

आपल्यापैकी पुष्कळांची मुले तरणतलावात उत्तम पोहतात, आणि याच भरवशावर आईवडील निर्धास्त राहतात. उघड्या पाण्याचे गणित वेगळे असते. येथील तळी मे महिन्यातही थंडगार असतात. अचानक पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास अनावर होतो आणि पट्टीचा पोहणाराही नाकातोंडात पाणी जाऊन बुडतो. रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशनची शिकवण अशी : धडपड थांबवावी, डोके मागे टाकून कान पाण्यात जाऊ द्यावेत, उताणे तरंगावे आणि श्वास ताळ्यावर आल्यावरच पोहण्याचा किंवा हाक मारण्याचा प्रयत्न करावा. काठावरच्याने उडी घेऊ नये. दोरी, काठी, काहीही पुढे करावे आणि ९९९ वर फोन करावा. नदी-तळ्यावर असल्यास अग्निशमन दल, समुद्रावर असल्यास कोस्टगार्ड मागावा. गळ टाकायला जाण्याआधी हे घरी जमिनीवर उताणे झोपून एकदा करून घ्यावे. मुले हसतील, हसू द्यावे.

कार्बनची काठी विजेची उत्तम वाहक असते. वरून जाणाऱ्या तारांपासून किमान ३० मीटर दूर बसावे, आणि काठी उभी धरून चालू नये. तारेला प्रत्यक्ष स्पर्श झालाच पाहिजे असेही नाही. फार जवळ गेली तरी वीज उडी घेते. वादळाचा गडगडाट सुरू झाला की काठी खाली ठेवून निघावे.

मुंबईच्या पावसाळ्याने आपल्याला लेप्टो हा शब्द शिकवला आहे. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा हा रोग ब्रिटनमधील कालव्यांवरही आहे आणि त्याच्या तीव्र रूपाला येथे वाइल्स डिसीज म्हणतात. बोटावरच्या जखमेला पाण्यात न भिजणारी पट्टी लावावी, हात धुतल्याशिवाय सँडविच खाऊ नये, आणि पुढील दोन-एक आठवड्यांत ताप व अंगदुखी झाल्यास डॉक्टरांना पाण्याकाठी गेल्याचे आवर्जून सांगावे.

समुद्राकडे

ज्यांना मासा घरी आणूनच समाधान वाटते, त्यांनी समुद्राची वाट धरावी. किनाऱ्यावरून किंवा धक्क्यावरून काठीने गळ टाकण्यास परवाना लागत नाही. साउथएंडचा दोन किलोमीटरांहून लांब धक्का लंडनकरांना जवळ आहे. धक्क्यावर बसण्याचे तिकीट वा नियम असतील ते पाहून घ्यावेत. उन्हाळ्यात मॅकरेल किनाऱ्याशी येतो. तो आपल्या बांगड्याचा नातलग, सख्खा भाऊ नव्हे. अंगावर नागमोडी पट्टे आणि मांसात तेल अधिक. तव्यावर मात्र तिखट-मीठ-कोकमाशी त्याचे चांगले जमते. सी-बास घ्यायचा झाल्यास तो ४२ सेंटिमीटरांहून लहान नसावा, आणि दिवसाला किती घ्यायचे व कोणत्या महिन्यांत, हे नियम वेळोवेळी बदलत असल्याने निघण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळावर पाहावेत. आपल्याकडचा जिताडा इंग्रजीत एशियन सी-बास म्हणून ओळखला जातो, पण जात निराळी.

वाळूत दडून बसणारा वीव्हर नावाचा लहान मासा गळाला लागला, तर त्याला हात लावू नये. पाठीवरच्या काट्यांत विष असते. शिंगाळ्याचा काटा ज्यांना लागला आहे त्यांना याची कल्पना येईल. काटा रुतल्यास तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवतात, त्याने विषाचा जोर ओसरतो. धक्क्यावर जाताना चहाखेरीज साध्या गरम पाण्याचाही एक थर्मास न्यावा. भरतीची वेळ पाहूनच खडकांवर उतरावे, कारण परतीची वाट तीच बंद करते.

मुलाने वर्षभर हे टिकवले, तर दोन तारखा दिनदर्शिकेत लिहून ठेवाव्यात. विनामूल्य परवानाही दरवर्षी नव्याने काढावा लागतो, ती एक. दुसरी सतराव्या वाढदिवसाची. त्यानंतरचे पैसे त्याने शनिवारच्या नोकरीतून स्वतः भरायला हरकत नाही.